सलग संथ धाव आणि इंटरव्हल स्प्रिंट : नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावे

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझा एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा अहवाल ६.१ आला. मधुमेह जडलेला नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावर मी उभी होते. डॉक्टरांनी नियमित व्यायाम करायला सांगितले आणि धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तासभर चालत बसण्यापेक्षा स्प्रिंट मार, वीस मिनिटांत सगळं उरकतं." नोकरी, घर आणि सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून सकाळी तेवढीच वीस मिनिटे हाती लागत असल्यामुळे मला ते लगेच पटले. तिसऱ्या आठवड्यात पाचव्या फेरीला उजव्या मांडीच्या मागे चाबूक ओढल्यासारखी कळ आली आणि पुढचे सहा आठवडे घराचा जिनाही मला कठड्याला धरून, एकेक पायरी करत चढावा लागला.

बरी झाल्यावर मी क्रम उलटा केला, म्हणजे आधी संथ धाव आणि मग इंटरव्हल. त्याला आता दोन वर्षे झाली. दोन्ही प्रकार माझ्या आठवड्यात आहेत आणि गेल्या तपासणीत एचबीएवनसी ५.६ होता. ओळखीतल्या ज्या ज्या व्यक्ती व्यायाम सुरू करतात त्या मला विचारतात, की दोन्हींपैकी चांगले कोणते. माझ्या मते नवख्या माणसाने आधी 'पहिले कोणते' हे ठरवावे. 'चांगले कोणते' याचे उत्तर त्यानंतर तीन महिन्यांनी त्याचे त्यालाच मिळते.

१. दोन्ही प्रकार नेमके ओळखा

सलग संथ कार्डिओ म्हणजे तीस मिनिटे ते तासभर एकाच मध्यम गतीने चालणे, धावणे, पोहणे किंवा सायकल चालवणे. श्वास वाढतो, घाम येतो, पण बोलता येते. इंटरव्हलमध्ये थोडा वेळ जोरात आणि मग थोडा वेळ सावकाश, अशा फेऱ्या असतात.

इंटरव्हल या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिल्या प्रकारात एक ते चार मिनिटे कष्टाने, पण ताबा ठेवून धावायचे असते. नॉर्वेतील संशोधकांनी पुढे आणलेली 'चार गुणिले चार' ही पद्धत त्यातलीच : जास्तीत जास्त नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटे, मधे तीन मिनिटे सावकाश, अशा चार फेऱ्या. दुसऱ्या प्रकारात वीस ते तीस सेकंद अंगातला सगळा जोर लावायचा असतो. खरा स्प्रिंट तो हाच. 'टबाटा' हे नाव जिमच्या फलकांवर सर्रास दिसते, पण जपानचे इझुमी टबाटा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तरुण, व्यायामाची सवय असलेल्या मुलांवर होता आणि त्यातले वीस सेकंद काम, दहा सेकंद विश्रांती हे गणित इतक्या तीव्रतेचे होते, की सात-आठ फेऱ्यांत ती मुले पूर्ण दमून जात. गाणे लावून चाळीस मिनिटे उड्या मारणे हाही व्यायाम आहे, पण तो टबाटा नाही.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा प्रयोगही वारंवार सांगितला जातो. त्यात बैठी जीवनशैली असलेल्या पुरुषांच्या एका गटाने आठवड्यातून तीनदा वीस सेकंदांचे तीन स्प्रिंट केले. वॉर्म-अप आणि विश्रांती धरून त्यांचे एक सत्र दहा मिनिटांचे होते. दुसऱ्या गटाने प्रत्येक वेळी ४५ मिनिटे संथ व्यायाम केला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. माझ्या भावाने जे ऐकले होते ते हेच आणि ते खोटे नाही. मात्र हा प्रयोग काय किंवा टबाटांचा काय, दोन्ही प्रयोगशाळेतल्या स्थिर सायकलवर झाले होते, ही गोष्ट मला दुखापत झाल्यानंतर कळली. सायकलवर मांडीचा मागचा स्नायू एकदम ताणला जात नाही आणि पाय जमिनीवर आपटत नाही. डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगाने पळताना या दोन्ही गोष्टी प्रत्येक पावलाला होतात, म्हणून सायकलवरचा निष्कर्ष रस्त्यावर जसाच्या तसा लागू करू नये.

२. डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे

चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर स्प्रिंटचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे टाळू नका. भारतीयांमध्ये हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात दिसतो. सोबत पुढील कागद न्यावेत.

• गेल्या सहा महिन्यांतील रक्ततपासणी : उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड
• आधी काढला असल्यास ईसीजी
• चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे आणि मात्रा. आयुर्वेदिक औषधेही त्यात लिहावीत
• आठवडाभर सकाळी घरी मोजलेला रक्तदाब
• गुडघा, कंबर, घोटा यांच्या जुन्या दुखापतींची नोंद

डॉक्टरांना "व्यायाम करू का?" असे विचारले तर उत्तर "करा" असेच येते. त्याऐवजी "मला आठवड्यातून एकदा पूर्ण जोर लावून धावायचे आहे, त्याआधी स्ट्रेस टेस्टची (ट्रेडमिलवर चालवून घेतात त्या हृदयतपासणीची) गरज आहे का?" असे नेमके विचारा. गोळ्यांबाबत दोन गोष्टींचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे पुढे दिलेले नाडीचे गणित त्या घेणाऱ्यांना लागू पडत नाही. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामात किंवा त्यानंतर काही तासांनीही एकदम खाली येऊ शकते. मात्रा, खाण्याची वेळ आणि खिशात ठेवायची साखर हे तिघांचे गणित डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावे.

३. साहित्य थोडेच लागते

पायाला नीट बसणारे धावण्याचे बूट हा एकच खरा खर्च. ते संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील हे पाहावे. सेकंद दाखवणारे घड्याळ, पाण्याची बाटली, घाम पुसायला पंचा आणि एक वही, एवढे पुरे. मनगटी स्मार्ट घड्याळ दाखवते ती नाडी संथ धावेत बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. वीस सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये मात्र ती मागे पडते, म्हणून तिथे आकड्यापेक्षा स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यावे.

४. पुण्यात जागा कशी निवडावी

संथ धावेसाठी जमीन सपाट आणि मऊ हवी. तळजाईच्या पठारावरच्या मातीच्या वाटा मला सर्वांत मानवल्या. विद्यापीठाच्या आवारात सावली आहे. सारसबागेभोवती पहाटेच जावे, साडेसातनंतर वाहनांचा धूर सुरू होतो. वेताळ टेकडीवरची हवा उत्तम, पण उतारावर मुरूम सुटा असल्याने पाय घसरतो; तिथे चालावे, वेग घेऊ नये.

इंटरव्हलसाठी अंतर मोजलेले असेल तर काम सोपे होते. सारसबागेजवळचे सणस मैदान आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडा संकुल इथे ४०० मीटरचे ट्रॅक आहेत. प्रवेशाच्या वेळा आणि पास यांची चौकशी आधी करावी आणि आतल्या पहिल्या लेनमध्ये सावकाश चालू नये, ती वेगाने धावणाऱ्यांची असते. पर्वतीच्या पायऱ्यांवर स्प्रिंट मारणारी तरुण मुले दिसतात. शंभराहून अधिक पायऱ्यांची ती चढण दमसास वाढवायला चांगली आहे, पण तिथे आजी-आजोबा काठी टेकत दर्शनाला चढत असतात आणि पावसाळ्यात दगड निसरडा होतो, त्यामुळे पर्वती ठरावीक लयीत चढण्यासाठीच ठेवावी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार घेतात आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे प्रामुख्याने त्या उतरण्याचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

५. पहिले आठ आठवडे फक्त संथ

हा टप्पा वगळण्याचा मोह सर्वांना होतो, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगते. नियमित व्यायामाने हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात, परंतु स्नायूला हाडाशी बांधणारे स्नायुबंध आणि नडगीचे हाड यांना भाराची सवय व्हायला महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात दम टिकू लागतो, उत्साह वाढतो आणि नेमके तेव्हाच पाय तयार नसताना आपण वेग वाढवतो. माझे तेच झाले होते. संथ व्यायामात हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलायला शिकते, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात आणि चरबी इंधन म्हणून वापरण्याची पेशींची क्षमता वाढते. पुढे स्प्रिंटच्या दोन फेऱ्यांमध्ये श्वास लवकर जागेवर येतो तो याच पायाभरणीमुळे.

गती ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पाढा. धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. "तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस" असे दोन टप्पे एका श्वासात सहज निघाले तर गती बरोबर आहे. प्रत्येक टप्प्याला श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. पाढ्याऐवजी गाणे म्हणता येत असेल तर थोडे वाढवा.

आकड्यांत हवे असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीची जास्तीत जास्त नाडी त्यानुसार साधारण १७६ येते आणि मध्यम व्यायामाचा पट्टा तिच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११३ ते १३४ ठोके. हे सूत्र सरासरीचे आहे. प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे आकडा आणि पाढा यांत विरोध आला तर पाढ्यावर विश्वास ठेवा.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस अर्धा तास भरभर चाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मिनिट सावकाश धाव आणि दोन मिनिटे चाल, पाचव्या-सहाव्यात तीन मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल, असे करत आठव्या आठवड्याच्या शेवटी न थांबता पस्तीस-चाळीस मिनिटे धावता यावे. ही धाव इतकी सावकाश असते, की शेजारून भरभर चालणारे काका पुढे निघून जातात. जाऊ द्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवते. या दोन दिवसांत उठाबशा, भिंतीला टेकून जोर, टाचा उचलणे आणि पाठीवर झोपून कंबर उचलणे एवढे पुरे. शेवटचा व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूसाठी आहे आणि तो मी आजही चुकवत नाही.

६. इंटरव्हलकडे वळण्याची पात्रता

सलग दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांची संथ धाव दुखण्याशिवाय झाली पाहिजे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाच किंवा नडगी दुखत असेल तर आणखी दोन आठवडे थांबा. जिना उतरताना गुडघा बोलत असेल तरीही थांबा.

७. पहिली इंटरव्हल सत्रे

सुरुवात चढावर करा. चढावर वेग आपोआप कमी राहतो, पाऊल आखूड पडते आणि मांडीचा मागचा स्नायू सपाटीइतका ताणला जात नाही, मात्र हृदयाला पूर्ण काम मिळते. मी तळजाईकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक सौम्य चढ निवडला. खाली एक विजेचा खांब आणि वर कडुनिंबाचे झाड, त्यांच्यामध्ये माझी वीस सेकंदे बरोबर संपत. पहाटे पावणेसहाला तिथे गाड्या नसतात. वर पोचल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून वळायचे, नाकातून श्वास येऊ लागेपर्यंत चालत खाली यायचे आणि खांबाला हात लावून घड्याळ पाहायचे, एवढाच शिरस्ता होता.

वॉर्म-अप बारा मिनिटांचा असावा : आठ मिनिटे सावकाश धाव, मग पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उचलून चालणे आणि शेवटी मध्यम वेगाच्या दोन छोट्या धावा. थंड स्नायू ओढून धरण्याचे ताण स्प्रिंटच्या आधी करू नयेत, ते शेवटी करावेत.

इंटरव्हलचा पहिला-दुसरा आठवडा : चढावर वीस सेकंदांच्या सहा फेऱ्या, दहापैकी आठ जोर लावून, मधे दोन मिनिटे चाल. तिसरा-चौथा आठवडा : सपाट ट्रॅकवर एक मिनिट वेगात, दोन मिनिटे चाल, सहा फेऱ्या. पाचव्या आठवड्यापासून हवे असल्यास चार गुणिले चार. पंचेचाळिशीच्या व्यक्तीसाठी त्यातील नाडी साधारण १५८ ते १६७ इतकी येते आणि ती पहिल्याच मिनिटात गाठायची नसते, दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी येऊ द्यायची असते. पूर्ण जोराचे तीस सेकंदांचे स्प्रिंट करायचेच असतील तर जिममधल्या स्थिर सायकलवर करा. आठवड्यातून इंटरव्हलचे सत्र एकच असावे, चार महिन्यांनंतर फार तर दोन, आणि त्यांत किमान दोन दिवसांचे अंतर.

विश्रांतीचा वेळ कापू नका. पूर्ण जोराच्या पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायू त्यांच्याकडे साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन या तयार इंधनावर चालतात, त्यानंतर प्राणवायूशिवाय साखर वापरली जाते आणि तिच्यापासून बनणारे लॅक्टेट वाढते. ते फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. विश्रांती तीस सेकंदांवर आणली तर चौथी फेरी दिसायला स्प्रिंट, पण वेगाने मध्यम धाव होते आणि थकलेल्या स्नायूवर चुकीचे पाऊल पडते. शेवटची फेरी पहिलीपेक्षा स्पष्टपणे मंद झाली की सत्र तिथेच संपवावे, मग कागदावर अजून दोन फेऱ्या शिल्लक असल्या तरीही.

८. कोणता प्रकार काय देतो

वेळ कमी असेल तर दमसास वाढवण्यात इंटरव्हल सरस आहे, यात शंका नाही. वजनाच्या बाबतीत मात्र त्याच्याबद्दल फुगवून सांगितले जाते. स्प्रिंटनंतर 'तासन्‌तास चरबी जळत राहते' हे खरे असले तरी ते प्रमाण त्या सत्रात खर्च झालेल्या ऊर्जेचा लहानसा भाग असते. साठ किलो वजनाची व्यक्ती एक किलोमीटर धावताना ढोबळमानाने साठ कॅलरी खर्च करते. पाच किलोमीटरची संथ धाव म्हणजे साधारण एक वडापाव. वजन ताटातच उतरते, व्यायाम ते टिकवायला मदत करतो.

रक्तातील साखरेसाठी दोन्ही उपयोगी आहेत. स्नायू साखर ओढून घेतात आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोनपेक्षा जास्त दिवस खाडा करू नये. इथे एक गोष्ट मला घाबरवून गेली होती : स्प्रिंटनंतर लगेच ग्लुकोमीटरवर साखर आधीपेक्षा जास्त दिसली. तीव्र व्यायामात अॅड्रेनॅलिनमुळे यकृत साखर सोडते, त्यामुळे असे तात्पुरते होऊ शकते. तासा-दोन तासांनी पुन्हा मोजावे. मन शांत होण्यासाठी मात्र मला संथ धावच लागते. कार्यालयातली वर्षअखेरीची दगदग स्प्रिंटने कधी उतरली नाही, तळजाईच्या चाळीस मिनिटांनी उतरली.

९. नेहमी होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक मधल्या गतीत अडकण्याची आहे. संथ दिवशी शेजारच्याशी चढाओढ करून वेग वाढतो, मग इंटरव्हलच्या दिवशी पाय जड असल्याने वेग येत नाही आणि सगळेच दिवस सारखे, अर्धवट कष्टाचे होतात. तीन-चार महिने झाले तरी फरक पडत नाही, असे सांगणाऱ्या मैत्रिणीची वही पाहिली तर बहुधा हेच आढळते.

दुसरी चूक डिसेंबरची. १९८३ साली सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनच्या दिवसांत शहराला धावण्याचे वारे लागते आणि बरेच जण ऑक्टोबरमध्ये शून्यातून सुरुवात करून दोन महिन्यांत लांबचे अंतर गाठू पाहतात. जूनमध्ये सुरुवात केली तर वेळ पुरतो. पावसाळ्यात स्प्रिंट ट्रेडमिलवर नको, कारण पट्ट्याचा वेग बदलायला वेळ लागतो आणि उतरताना तोल जातो. त्यापेक्षा स्थिर सायकल किंवा इमारतीच्या जिन्यावर चढणे बरे. एप्रिल-मे महिन्यांत सातच्या आत घरी परतावे आणि थंडीत धुरकट सकाळी तीव्र सत्र पुढे ढकलावे.

ताप, जुलाब किंवा रात्रीची झोप चार तासांची असेल तर स्प्रिंट रद्द. नवख्या माणसाने एकाच दिवशी बेसुमार जोर केल्यास स्नायूपेशी फुटून लघवी चहाच्या रंगाची होऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ किंवा अकारण घाम आल्यास तिथेच बसावे, सोबतच्या व्यक्तीला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. म्हणूनच इंटरव्हलच्या दिवशी एकटे जाऊ नये.

१०. माझा सध्याचा आठवडा आणि वहीतली नोंद

सोमवारी विश्रांती, मंगळवारी चढावर किंवा ट्रॅकवर इंटरव्हल, बुधवारी चाल आणि बळकटीचे व्यायाम, गुरुवारी चाळीस मिनिटे संथ, शुक्रवारी पुन्हा बळकटी, शनिवारी अर्धा तास संथ आणि रविवारी तासभर संथ किंवा सिंहगड. सिंहगडाच्या आठवड्यात मंगळवारचे सत्र मी हलके ठेवते, कारण गड उतरल्याचा शीण पोटऱ्यांत दोन दिवस राहतो.

वहीत दर वेळी चारच गोष्टी लिहा : तारीख, किती मिनिटे, पाढा म्हणता आला की नाही आणि कुठे दुखले. दर चार आठवड्यांनी एकाच वाटेवर, एकाच नाडीने धावून वेळ मोजा. वाट तीच, वेळ सकाळचीच आणि आदल्या दिवशी तीव्र सत्र नको. तळजाईवरच्या माझ्या तीन किलोमीटरच्या फेरीला १३० च्या नाडीने पहिल्या महिन्यात २७ मिनिटे लागली होती, तिसऱ्या महिन्यात २५ आणि इंटरव्हल सुरू करून तीन महिने झाल्यावर साडेबावीस. सलग दोन मोजण्यांत वेळ वाढली, तर पुढचा आठवडा इंटरव्हल सोडून फक्त चालण्याचा ठेवा आणि मग पुन्हा मोजा.